जोत्याच्या जागी पोकळी: नॉर्थ कॅरोलायनातल्या एका घरखरेदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

ऑक्टोबर 2023. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात एक मराठी जोडपं आपलं पहिलं घर घेत होतं. दोघं पस्तिशीतले, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, चार वर्षांची मुलगी, आणि नातीला भेटायला कऱ्हाडहून आलेले आजोबा. मी या भागात अकरा वर्षं परवानाधारक होम इन्स्पेक्टर म्हणून काम करतो. हे सगळं त्यांच्या परवानगीने लिहितोय. घर ओळखू येईल असा तपशील काढला आहे आणि बहुतेक रकमा शंभराच्या पटीत आणल्या आहेत.

घर 1988 सालचं, दुमजली. किंमत 5,40,000 डॉलर. करार झाला 9 ऑक्टोबरला, म्हणजे ऐन पितृपक्षात. आजोबांनी नाराजी बोलून दाखवली होती, पण घर हातचं जाईल या धास्तीपुढे त्यांचं काही चाललं नाही.

या राज्यातली खरेदीची पद्धत जरा वेगळी आहे. करार होताच घेणारा थेट विकणाऱ्याच्या हातात ‘ड्यू डिलिजन्स फी’ देतो. व्यवहार मोडला तर ती परत मिळत नाही. त्या बदल्यात ठरावीक दिवसांची मुदत मिळते. मुदतीत घेणारा कुठलंही कारण न देता बाहेर पडू शकतो आणि बयाणा परत घेऊ शकतो. मुदत शेवटच्या दिवशी संध्याकाळी 5 ला संपते. 5 वाजून 1 मिनिटाला नव्हे. इथे फी होती 6,000 डॉलर आणि मुदत सोमवार, 23 ऑक्टोबरपर्यंत. दुसऱ्या दिवशी दसरा होता. तोवर घराचं नक्की व्हावं आणि दिवाळीत नव्या घरात लक्ष्मीपूजन व्हावं, असा घरातल्या सुनेचा बेत होता.

घराची माहिती देण्याचा राज्याचा जो छापील नमुना असतो, त्यात विकणाऱ्याला ‘हो’, ‘नाही’ याशिवाय ‘नो रिप्रेझेंटेशन’ असाही पर्याय असतो. म्हणजे ‘यावर मी काहीच म्हणत नाही’. या विकणाऱ्याने जवळजवळ सगळीकडे तीच खूण केली होती. तसं करणं कायदेशीर आहे आणि बरेच जण करतात, त्यामुळे त्यावरून कोणावर संशय घेता येत नाही.

आता घराखालच्या जागेविषयी. आपल्याकडे जोतं भरीव असतं. इथली बरीच जुनी घरं विटांच्या किंवा सिमेंट ब्लॉकच्या बुटक्या खांबांवर उभी असतात आणि लाकडी जमिनीखाली दोन-चार फूट उंचीची पोकळी असते. तिला क्रॉल स्पेस म्हणतात, कारण तिथे रांगतच जावं लागतं. पाण्याचे नळ, ड्रेनेज, एसीचे डक्ट, वायरी, कधी कधी घर गरम करणारी गॅसची भट्टीसुद्धा त्यातच. आजोबा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. मी दाराशी वाकून दाखवल्यावर म्हणाले, “हा तर आमच्या वाड्याचा कडीपाट! फक्त आम्ही तो खालून बघत झोपायचो, तुम्ही वर चालता.” तुलना अगदी बरोबर आहे. खाली तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट.

पहिली फेरी आणि पहिला निर्णय

शुक्रवार, 13 ऑक्टोबर. छप्पर, विजेचं पॅनेल, खिडक्या झाल्या. बाहेरून फिरताना मागच्या कोपऱ्यातला पन्हळीचा पाइप भिंतीच्या बुडाशीच पाणी सोडतोय हे टिपून ठेवलं. घरात थर्मोस्टॅट वाढवून हीटिंग लावलं, जाळ्यांतून गरम हवा आली. मी लिहिलं, ‘हीटिंग चालू स्थितीत’. हे वाक्य पुढे मला बरंच टोचलं.

शेवटी खालचं दार उघडलं. आधी वास आला. पावसाळ्यात भिजून तसंच पडलेल्या गोणपाटाला येतो तसा कुबट. हेडलॅम्पच्या उजेडात पहिले बारा-पंधरा फूट दिसले. जमिनीवर फाटका काळा प्लास्टिक कागद, वरून लोंबणारी फायबरग्लासची गादी, एका खांबाला गुंडाळलेली सापाची लांबलचक कात. त्यापलीकडे पाणी. सप्टेंबरच्या 23 तारखेला ओफेलिया वादळ येऊन गेलं होतं, त्यामुळे पाण्याचं नवल वाटलं नाही. पण त्या पाण्यात एक नारिंगी एक्स्टेन्शन कॉर्ड शिरत होती आणि दूर अंधारात एक छोटा पंप गुरगुरत होता. बिनस्पर्शाचा टेस्टर कॉर्डजवळ नेला. तो टीं टीं करायला लागला.

विजेची जिवंत वायर पडलेल्या पाण्यात ओल्या गुडघ्यांनी शिरायचं नाही. याला अपवाद नाही. पंपाचा प्लग कुलूपबंद वर्कशॉपमध्ये होता आणि मालक गावाबाहेर. मी दारातूनच फोटो घेतले आणि मागे फिरलो. आमच्या राज्याच्या नियमांप्रमाणे धोक्याच्या जागी शिरण्याची सक्ती नसते, मात्र कोणता भाग पाहिला नाही आणि का, हे लिहावंच लागतं. मी लिहिलं: ‘क्रॉल स्पेसचा सुमारे दोन तृतीयांश भाग साचलेलं पाणी व विजेच्या धोक्यामुळे पाहता आला नाही. धोका दूर झाल्यावर पुन्हा तपासणी करावी.’

अहवाल 46 पानांचा, आणि ही ओळ 31व्या पानावर.

शनिवारी फोन आला. मी त्यांच्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा, शिवाय दोघांनी मला महाराष्ट्र मंडळात पाहिलेलं, त्यामुळे पहिल्या भेटीतच ‘दादा’ झालो होतो. प्रश्न होते डेकच्या कठड्याचे आणि डिशवॉशरचे. शेवटी सहज, “बाकी खाली काही सापडलं नाही ना दादा?”

‘पाहिलं नाही’ हे त्यांनी ‘सापडलं नाही’ असं वाचलं होतं. मी समजावायला लागलो तोवर मागून आजोबांनी फोन घेतला. “अहो साहेब, अर्धं जोतं बघितलंच नाही म्हणता, मग घर पास कसं केलं?” आम्ही घर पास-नापास करत नाही, हे माझं ठरलेलं उत्तर. ते त्यांना देताना मलाच पोकळ वाटलं.

रविवारी घटस्थापना होती. त्याच दिवशी त्यांच्या एजंटने विकणाऱ्याला दोन गोष्टी कळवल्या: प्लग काढा आणि पाणी उपसा. फेरतपासणीचे 225 डॉलर जास्त गेले आणि मुदतीतले चार दिवसही गेले.

खाली काय होतं

मंगळवार, 17 ऑक्टोबर. पाणी उपसलं होतं, चिखल शिल्लक होता. यावेळी शेवटच्या भिंतीपर्यंत गेलो.

गॅसची भट्टी त्या टोकाला होती. तिचा धूर नेणारा पत्र्याचा पाइप आडवा जाऊन चिमणीच्या कप्प्यात शिरायला हवा. एका सांध्याचे स्क्रू गंजून गळाले होते आणि पाइप सांध्यातून निखळून दोन इंच खाली बसला होता. वरच्या कडीवर काजळीचा हाताएवढा डाग. म्हणजे भट्टीचा धूर घराखालीच सुटत होता. त्याच्यापासून सहा फुटांवर परतीच्या हवेचा डक्ट फाटलेला. तो खालची हवा ओढून घेणार आणि तीच वर झोपायच्या खोल्यांत फेकणार. अशा धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. शुक्रवारी मी वर उभा राहून ज्या गरम हवेला ‘चालू स्थितीत’ म्हटलं होतं, ती हीच.

ओलीचा प्रकार जुनाच होता. कड्यांतली ओल मीटरवर 21 ते 23 टक्के आली. 20 च्या वर गेली की बुरशीला मोकळं रान मिळतं आणि 28 च्या आसपास लाकूड कुजायला लागतं. न्हाणीघराखाली एका कडीत स्क्रूड्रायव्हर दाबला तर चहात बुडवलेल्या खारीसारखा आत गेला. टबचा निचरा बसवताना कोणा प्लंबरने दोन कड्यांना मधोमध चार-चार इंच खाचा घेतल्या होत्या. मुळात कडीची खोली सव्वानऊ इंच, आणि नियम असा की लांबीच्या मधल्या एक तृतीयांशात खाच घ्यायचीच नाही. जमीन खचते म्हणून मग कोणीतरी तुळईखाली तीन स्क्रू-जॅक लावले होते. त्यांना पाया नाही, नुसत्या मातीवर ठेवलेल्या फरशीवर ते उभे. त्यातला एक हाताने हलला.

पाण्याचे नळ राखाडी प्लास्टिकचे आणि त्यावर ‘पीबी 2110’ असा छाप. हे पॉलिब्युटिलीन. साधारण 1978 ते 1995 या काळात अमेरिकेत लाखो घरांत बसवलं गेलं आणि सांध्यांपाशी फुटतं म्हणून बदनाम झालं. अनेक विमा कंपन्या त्याचं नाव ऐकताच कपाळाला आठ्या घालतात.

वाळवीच्या मातीच्या नळ्या दोन खांबांवर होत्या, पण सुकलेल्या, आत किडा नाही. वाळवीचा वेगळा दाखला कीटकनियंत्रणवाल्याने आधीच दिला होता. त्यातही ‘काही भाग पाहता आला नाही’ ही ओळ होतीच, तीसुद्धा कोणी वाचली नव्हती. रेडॉन, म्हणजे जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू, 2.9 पिकोक्युरी आला, 4 च्या मर्यादेच्या आत. त्यावर वेळ घालवला नाही.

ओलीचं कारण सांगायला मी नेहमी तांब्याचं उदाहरण देतो. उन्हाळ्यात गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं ना, तेच घराखाली होतं. जुन्या समजुतीप्रमाणे पोकळी कोरडी राहावी म्हणून भिंतीत झरोके ठेवतात. पण इथल्या जुलैत बाहेरची हवाच इतकी दमट असते की ती आत आली आणि एसीच्या गार डक्टला, गार कड्यांना भिडली की दव धरतं. रॉलीतल्या ‘ॲडव्हान्स्ड एनर्जी’ या संस्थेने 2000 च्या दशकाच्या सुरुवातीला याच राज्यातल्या प्रिन्सव्हिलमध्ये याचा प्रत्यक्ष घरांवर अभ्यास केला. 1999 च्या फ्लॉइड वादळात बुडालेलं गाव ते. झरोके बुजवलेल्या पोकळ्या कोरड्या राहिल्या आणि त्या घरांचा ऊर्जेचा खर्चही कमी आला.

तातडीचा निर्णय

अहवाल ग्राहकाच्या मालकीचा असतो. विकणाऱ्याला मी काही सांगायचं नसतं. पण घरात माणसं राहत होती आणि त्याच आठवड्यात पहाटे गारठा पडायला लागला होता. जिवाला लगेच धोका असेल तर राहणाऱ्यांना सांगता येतं, एवढी मोकळीक आमच्या आचारसंहितेत आहे. तरी मी चिखलाच्या हातांनी आधी घर घेणाऱ्या सुनेला फोन केला. ती म्हणाली, “दादा, विचारताय काय, आधी सांगा त्यांना.” मग मागच्या दाराशी जाऊन मालकीणबाईंना सांगितलं की हीटिंग बंद करा आणि आजच्या आज माणूस बोलवा. त्या म्हणाल्या, मागच्या हिवाळ्यात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजत राहायचा, वैतागून काढून ड्रॉवरमध्ये टाकला.

त्या संध्याकाळी पाइप जोडला गेला, व्यवहाराचं काय व्हायचं ते होवो.

समोरचे पर्याय

गुरुवारी स्ट्रक्चरल इंजिनिअर येऊन गेला. शुक्रवारपर्यंत बाकीचे अंदाज हातात आले: भोवतीने नाला आणि कायमचा पंप 5,200, पोकळी बंद करून जाड प्लास्टिकचं अस्तर आणि डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र) 13,500, खांब व कड्या 7,400, नळ बदलणं 8,800, डक्ट 3,200, धुराचा पाइप 550, वायरिंग 900. एकूण 39,550 डॉलर.

पहिला मार्ग सरळ होता: 6,000 सोडून द्यायचे आणि बाहेर पडायचं. आजोबांचं मत तेच. “पितृपक्षातली बोली, जाऊ दे.” नवऱ्याचं मन उलट. व्याजदर चढत होते (त्याच महिन्याच्या अखेरीस फ्रेडी मॅक या गृहकर्ज संस्थेने काढलेला 30 वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर 7.79 टक्क्यांवर गेला) आणि त्यांनी 7.6 वर दर बांधून घेतला होता. शिवाय त्या भावात मिळणारं पुढचं घर खालून कोरडं असेल याची हमी कोण देणार?

दुसरा मार्ग म्हणजे विकणाऱ्याकडून सगळंच दुरुस्त करून घ्यायचं. यात धोका असा की घर सोडून जाणारा माणूस सर्वांत स्वस्त ठेकेदार आणतो. अस्तराच्या कामात तर हे हमखास होतं, कारण कागद नुसता पसरला की फोटोत छान दिसतो, सांधे चिकटवलेत का हे कळायला आत जावं लागतं.

तिसरा मार्ग पैशांचा, आणि इथेच त्यांची गफलत होता होता राहिली. त्यांना वाटत होतं, कामांच्या खर्चाएवढी किंमत कमी करून मागू आणि त्यातून कामं करू. पण किंमत कमी झाली म्हणजे तेवढी रोकड हातात येत नाही. 20 टक्के स्वतःचे भरणाऱ्याला 12,000 ची सूट मिळाली तर त्या दिवशी खिशातले फक्त 2,400 वाचतात. बाकीचं कर्जातून कमी होतं, म्हणजे हप्ता महिन्याला 68 डॉलरने हलका. दुसरीकडे विकणाऱ्याने ‘क्रेडिट’ दिलं तर ते नोंदणी, विमा, वकील अशा क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पूर्ण होतानाच्या खर्चापुरतंच वापरता येतं. त्यांचा तो खर्च होता 9,500. त्यापुढचं क्रेडिट बँक मान्य करत नाही. हे त्यांना कर्जवाल्या बाईंनी शुक्रवारी दुपारी सांगितलं. सोमवारी सांगितलं असतं तर उशीर झाला असता.

काय केलं

एजंटने आधी मुदत वाढवून मागितली आणि 23 तारखेच्या सकाळी चार दिवस लेखी वाढवून मिळाले. विकणारा तयार का झाला? घराखाली काय आहे हे आता त्याच्या एजंटला माहीत होतं, आणि महत्त्वाच्या बाबी पुढच्या ग्राहकाला सांगणं एजंटवर बंधनकारक असतं. हा ग्राहक गेला तरी तो पाइप, ते जॅक, ती खारीसारखी कडी जाणार नव्हती.

ठरलं ते असं. धुराचा पाइप, वायरिंग आणि खांब-कड्या ही कामं विकणारा क्लोजिंगआधी परवानाधारक माणसांकडून करून घेईल आणि खांबांवर इंजिनिअरचं सही-शिक्क्याचं पत्र देईल. 9,500 क्रेडिट, 12,000 किमतीत सूट. उरलेली कामं 30,700 ची. सूट आणि क्रेडिट मिळून रोख मोकळे झाले 11,900, आणि त्यांच्याकडे शिल्लक होते साधारण 10,000. म्हणजे सगळी कामं लगेच होणार नव्हती. त्यांनी नाला, अस्तर आणि डक्ट आधी घ्यायचं ठरवलं. नळ पुढच्या वर्षी, बोनस आल्यावर.

दिवाळी भाड्याच्या घरातच झाली. किल्ल्या मिळाल्या 30 नोव्हेंबरला.

निष्पत्ती

डिसेंबरमध्ये कामं झाली. झरोके बुजले, पांढरं जाड अस्तर भिंतीवर चढवून चिकटवलं, यंत्र बसलं. मार्चमध्ये मी मीटर घेऊन गेलो तेव्हा कड्यांतली ओल 13-14 टक्क्यांवर होती आणि वास नव्हता. अस्तर घातल्यावर रेडॉन पुन्हा मोजायला लावला, तो 4 च्या आतच होता.

मध्ये एक दणका बसला. जानेवारीत एका रात्री डीह्युमिडिफायरचा मोबाइलवर इशारा आला: आर्द्रता 84. स्वयंपाकघराखालचा पॉलिब्युटिलीनचा एक सांधा सुटला होता. पूर्वी हे पाणी मातीत जिरलं असतं. आता ते नव्याकोऱ्या अस्तरावर तळं करून बसलं. नळ बदलण्याचं काम तातडीने काढावं लागलं, प्लंबरने जागोजागी अस्तर कापलं, आणि ते पुन्हा जोडायला 1,800 वेगळे गेले.

वेगळं काय करता आलं असतं

कामांचा क्रम चुकला, आणि त्यात माझाही वाटा आहे. त्यांनी मला यादी दाखवली होती. पैशांच्या हिशेबात ती बरोबर होती, म्हणून मी मान डोलावली. अस्तर हा सगळ्यात शेवटचा थर. त्याच्या वरचं आणि खालचं सगळं आधी उरकायला हवं. डक्ट सहा महिने थांबले असते, नळ थांबायला नको होते.

अहवालातली ती ओळ मी 31व्या पानावर ठेवली, कारण नमुन्यात तिची जागा तीच होती. आता न पाहिलेले भाग पहिल्या पानावर, चौकटीत, फोटोसह जातात. आणि शुक्रवारीच, दारातून मागे फिरताना, मी त्यांना फोन करून स्वच्छ मराठीत ‘मी आत गेलेलो नाही’ म्हणायला हवं होतं. मंडळातल्या ओळखीमुळे उत्साहात असलेल्या माणसांना नको वाटेल ते बोलायला जीभ जड होते, हेही खरं. हीटिंगबद्दलही तसंच. भट्टी डोळ्यांनी पाहिली नसेल तर ‘वर गरम हवा आली, भट्टी पाहिलेली नाही’ इतकंच लिहितो.

त्यांच्या बाजूने पाहिलं तर तपासणी कराराच्या चौथ्या दिवशी झाली, ती दुसऱ्या दिवशी व्हायला हवी होती. आणि करारापूर्वी घर बघायला गेले तेव्हा ते छोटं दार कोणीच उघडलं नाही. त्याला कुलूप नव्हतं.

एका गोष्टीचा उलगडा मात्र झालेला नाही. मागच्या कोपऱ्यातला तो पन्हळीचा पाइप. नाल्याचं काम सुरू व्हायच्या आधल्या आठवड्यात आजोबांनी दुकानातून दहा फुटांचा जोडपाइप आणून तो उताराकडे वळवला. खर्च वीसेक डॉलर. मग लगेच नाला झाला, पंप बसला. आधी पाइप वळवून दोन-तीन पाऊस पाहिले असते तर 5,200 च्या नाल्याची गरज कितपत होती हे कळलं असतं. आता कळायला मार्ग नाही. पहिल्या वर्षभरात पंप मोजून दोनदा सुरू झाला.